चाकाचा तोल : धावेपासून चिकटपट्टीपर्यंत

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्याची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या रथाची मिरवणूक काही नव्याने सांगायला नको. माणसांच्या गर्दीतून रथ हळूहळू सरकत असतो. त्याचे चाक एक फेरा पुरा करायला किती वेळ घेते, हे उभ्या उभ्या मोजता येते. त्या चाकाची एक बाजू दुसरीपेक्षा शेर-दोन शेर जड असली, तरी ते कोणाच्या ध्यानात येणार नाही. रथ डुलेल तो रस्त्यातल्या खळग्याने. चाकाच्या वजनाने तो डुलायचा नाही.

आता त्याच गावाबाहेरच्या विंचूर-प्रकाशा रस्त्यावर या. डाळिंबांचे क्रेट भरलेली एक पिकअप गाडी चालली आहे, ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने. तिच्या चाकाची एक बाजू नुसती पन्नास ग्रॅम जड झाली, तर स्टिअरिंग धरलेल्या माणसाच्या मनगटाला ते कळते. मग टायरवाला यंत्रावर चाक फिरवतो, आणि पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमचे धातूचे तुकडे आतल्या बाजूला चिकटवून देतो. शेर-दोन शेरांनी न बिघडणारे एक चाक, आणि चिमूटभर वजनाने बिघडणारे दुसरे. असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो, की चाकाचा सगळा इतिहासच उलगडतो. आज तोच आपण थोडक्यात पाहू.

आपल्या महाराष्ट्रात चाक किती जुने आहे, याचा एक सुंदर पुरावा प्रवरेच्या काठी मिळाला. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद नावाची जागा आहे. तेथे १९७४ साली जमिनीतून चार वस्तू निघाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांची जोडी जुंपलेला एक रथ, सगळ्या काशाच्या. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यावर एक माणूस उभा आहे. या वस्तू नेमक्या किती जुन्या, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण बरेच जण त्यांना सुमारे चार हजार वर्षांच्या मानतात. त्या रथाची चाके नीट पाहा. त्यांना आरे नाहीत, ती भरीव आहेत. म्हणजे ज्याने तो ओतला, त्याच्या डोळ्यांपुढे सबंध लाकडाची जड चाके होती, आणि ती ओढणारे बैल होते.

पण चाक ठाऊक असणे वेगळे आणि चाकाला रस्ता असणे वेगळे. आपले बागलाण हे याचे बोलके उदाहरण आहे. मुल्हेर, साल्हेर, दोन्ही बाजूंना डोंगर, मधून मोसम आणि आरम यांची खोरी. सुरतेकडून दख्खनेत यायची एक जुनी वाट या मुलुखातून होती. माल खूप चाले. पण तो बहुतेक बैलांच्या, घोड्यांच्या पाठीवरून. वंजारी-लमाणांचे तांडे गोण्या लादून घाट उतरत आणि चढत. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर जाऊन परतले ते याच बागलाणातून. तेव्हा घोड्यांच्या पाठीने जे काम केले, ते त्या वाटांवर चाकाने झाले नसते. घाटात चाक हे ओझेच होते. जेथे मैदान आणि गाडीवाट, तेथेच गाडी.

ही गाडी घडवणे म्हणजे गावच्या सुताराची आणि लोहाराची जोडीची कसोटी. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वाकदार पाटे, आणि सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवण्याचा दिवस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो विसरता येत नाही. लोहार मुद्दाम धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवी. मग शेणाच्या गोवऱ्यांचा गोल हारा रचून तीत ती तापवत. पाच फुटी चाकाची धाव सुमारे पावणेपाच मीटर लांबीची. ती चांगली लाल होईपर्यंत तापली, की तिचा घेर काही सेंटिमीटरांनी वाढतो. तेवढ्यात चार जणांनी चिमट्यांनी उचलून ती चाकावर टाकायची, घण मारून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे. धाव आकसे आणि प्रत्येक सांधा करकचून आवळला जाई. तापल्यावर धातू वाढतो, हा शाळेतल्या पुस्तकातला धडा आपल्या लोहाराने वर्ग न भरवता असा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला.

या चाकाचा तोल कोण पाही? सुतारच पाही; पण तो गोलाई पाही, आणि चाक आखात सरळ फिरते की लडबडते तेवढे पाही. वजनाचा तोल त्याने कधी पाहिला नाही. आणि त्याचे चुकलेही नाही. का, ते हिशेबानेच पाहू.

बैलगाडी तासाला सुमारे चार किलोमीटर चालते. पाच फुटी चाक मिनिटाला चौदा फेरे घेते. समजा, धावेला एका जागी अर्धा किलो चिखल घट्ट चिकटला. फिरताना तो चिखल चाकाला बाहेरच्या बाजूला ओढतो. गोफणीत दगड फिरवताना हाताला जी ओढ लागते, तीच ही. पण या संथ फिरण्यात ती ओढ शंभर ग्रॅम वजनाइतकीही भरत नाही. शेकडो किलोंच्या गाडीला तिची काय पर्वा?

आता मोटारीचे चाक घ्या. व्यास सुमारे साठ सेंटिमीटर, वेग ताशी ऐंशी किलोमीटर. हे चाक मिनिटाला सातशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ बारा. रिमवर, मध्यापासून वीस सेंटिमीटरांवर, पन्नास ग्रॅम जास्त असले, तर त्याची ओढ साडेपाच किलो वजनाइतकी होते. ती सेकंदाला बारा वेळा वर, बारा वेळा खाली. कोणी साडेपाच किलोंचा हातोडा घेऊन गाडीच्या सांध्यांवर अखंड ठोके घालत बसावे, तसेच ते. यातले मर्म एवढेच, की वेग दुप्पट झाला की ही ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी चाळीसला जी ओढ जेमतेम दीड किलोची, ती ऐंशीला साडेपाचावर जाते आणि शंभरला साडेआठांच्या पुढे. म्हणून गावातल्या रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी गाडी मोठ्या रस्त्याला लागली, की थरथरू लागते. गाडीवान म्हणतो, “साठपर्यंत ठीक आहे हो, पुढे हात कापतात.” तो खोटे बोलत नाही. वर्गाचा नियमच तो आपल्या भाषेत सांगत असतो.

चाकाला हा वेग मिळाला तो रबरामुळे. हवेने भरलेल्या रबरी चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली नोंदवली होती. पण तेव्हा ती वापरायला तशी वाहने नव्हती, आणि लोक ती विसरले. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली नळी बसवली. कल्पना नव्याने जन्मली आणि जगभर पसरली. थॉमसनची जुनी नोंद उजेडात आल्यावर डनलॉपचा हक्क रद्द ठरला; पण नाव मात्र त्याचेच राहिले. इतके, की आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीलाही लोक डनलॉपची गाडी म्हणू लागले. बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे त्या कंपनीचा टायरचा कारखाना १९३६ साली निघाला, आणि बऱ्याच वर्षांनी बंदही पडला. रबरी चाकाने बैलांचे कष्ट कमी झाले, धावेने रस्ते चिरायचे थांबले. बाभळीच्या काट्याने मात्र नवाच ताप दिला. धावेला पंक्चर ठाऊक नव्हते!

मोटारी मुंबईत १८९८ च्या सुमारास आल्या. पण खेड्यातल्या माणसाला मोटारीचे चाक खऱ्या अर्थाने भेटले ते एस.टी.मुळे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, आणि पुढे गावोगाव ती पोचली. बागलाणात रेल्वे नाही. मनमाडची आगगाडी गाठायची, नाशिकला दवाखान्यात जायचे, लासलगावला कांदा न्यायचा, मुलाला कॉलेजात पाठवायचे, सगळे रस्त्यानेच आणि चाकावरच. नाशिकच्या सातपुरात टायर बनतात, त्याच शहरात मोटारीही बनतात. सटाण्याच्या शेतकऱ्याच्या दारात आज पिकअप, ट्रॅक्टर, मोटारसायकल उभी असते. म्हणजे बैलगाडीच्या चाकाला कधी न लागलेली विद्या आता घरोघर लागते आहे. ती विद्या म्हणजे चाकाचा तोल.

ही विद्या मोटारीसाठी जन्मली नाही, हे ऐकून नवल वाटेल. ती कारखान्यांतल्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी निघाली. कॅनडातल्या हेन्री मार्टिन्सन याने १८७० साली फिरत्या वस्तूचा तोल साधायच्या यंत्राचा हक्क नोंदवला. जर्मनीत फ्रान्झ लावाचेक यांनी त्यात मोठी सुधारणा केली, आणि १९०८ च्या सुमारास डार्मस्टाट येथील कार्ल शेंक यांच्या कारखान्याने ती हाती घेतली. तेव्हा चिंता होती ती वाफेच्या टर्बाइनांची आणि विजेच्या जनित्रांची. ती यंत्रे मिनिटाला हजारो फेरे घेत, आणि थोडा तोल गेला की स्वतःच्या जोराने स्वतःच मोडत. मोटारींचे वेग वाढले, तशी तीच गरज चाकापर्यंत येऊन पोचली.

चाकाचा तोल दोन तऱ्हांनी जातो. एक साधी तऱ्हा : एकच बाजू जड. असे चाक रस्त्यावर उड्या मारते. दुसरी तऱ्हा कपटी : आतल्या अंगाला एका जागी जड, बाहेरच्या अंगाला बरोबर समोर जड. हे चाक उभे लोंबकळत ठेवले, तर तोललेले दिसते. पण फिरू लागले की डावी-उजवीकडे डुलते. म्हणूनच टायरवाल्याचे यंत्र चाक फिरवून पाहते, आणि आत किती व बाहेर किती, असे दोन आकडे दाखवते.

त्या आकड्यांइतके वजन लावायचे कशाने? पहिली पुष्कळ वर्षे उत्तर एकच होते : शिसे. जड, मऊ, स्वस्त, आणि हवे तसे ओतता येणारे. शिशाच्या लहान तुकड्याला पोलादी आकडा असे, आणि तो पत्र्याच्या रिमच्या कडेवर हातोडीने ठोकून बसवत. पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चकचकीत रिम आल्या. त्यांची कड जाड आणि नाजूक. आकडा ठोकला तर चरा पडे, तो नीट बसेना, आणि दिसायलाही वाईट. तेव्हा ठोकायचे सोडून चिकटवायचे ठरले. पाच आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यांची एक पट्टी, तिच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी फेसाळ रबरासारखी टेप. हवे तेवढे तुकडे मोडून घ्यायचे, कागद काढायचा आणि रिमच्या आतल्या अंगाला दाबून बसवायचे.

दाबताच चिकटणाऱ्या टेपेची कथाही मोटारीशीच जोडलेली आहे. अमेरिकेत रिचर्ड ड्रू नावाच्या तरुणाने पाहिले, की मोटारीला दोन रंग देताना रंगाऱ्याची मधली रेघ फिसकटते. त्याने १९२५ साली रंगाऱ्यांसाठी चिकटणारी आणि सहज निघणारी कागदी पट्टी तयार केली, आणि १९३० साली पारदर्शक चिकटपट्टी. रंगाची रेघ सरळ राहावी म्हणून निघालेली कल्पना वाढत वाढत एवढी समर्थ झाली, की आज ती सेकंदाला बारा फेरे घेणाऱ्या चाकावर धातूचा तुकडा धरून ठेवते. ऊन, पाऊस, चिखल, ब्रेकची उष्णता सगळे सोसून.

पण बंधूंनो, येथे एक गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी हे सगळे आख्यान मी मांडले. ती म्हणजे शिसे. शिसे हे विष आहे. अंगात गेलेले शिसे हाडांत साचते. मोठ्या माणसाचा रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाला इजा करते, आणि लहान मुलाच्या तर वाढत्या मेंदूवरच घाव घालते. मुलांच्या रक्तात शिसे इतके असले तर चालेल, अशी कोणतीही सुरक्षित मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच कारणाने आपल्या देशाने पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद केले. चाकावरचे शिसे मात्र कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. ते निसटून रस्त्यावर पडते, चाकांखाली रगडले जाते, धूळ होते. गॅरेजात पोरगा ते उघड्या हातांनी हाताळतो आणि त्याच हातांनी भाकरी खातो. भंगारातले शिसे तर ३२७ अंशांवर, साध्या भट्टीवरही वितळते. जाळ्याची वजने किंवा दुसरे काही ओतायला ते घराच्या अंगणात वितळवणे म्हणजे धुराबरोबर विष घरात घेणे.

युरोपीय संघाने २००० साली केलेल्या कायद्याप्रमाणे १ जुलै २००५ पासून तेथे मोटारगाड्यांवरची शिशाची वजने बंद झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी २०१० पासून तोच मार्ग धरला. त्यांच्या जागी पोलाद आणि जस्त आले. दोन्ही शिशाहून हलके. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड, तर पोलाद आणि जस्त सात-आठ पट. त्यामुळे तेवढ्याच वजनाला पट्टी थोडी लांब लागते, एवढाच फरक. आणि जस्त तर आपले जुने ओळखीचे! राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे युरोपच्या कितीतरी आधी, मध्ययुगातच, जस्त ऊर्ध्वपातनाने काढत होते. तेव्हा टायरवाल्याकडे गेलात, तर एक प्रश्न जरूर विचारा : “दादा, वजन शिशाचं का पोलादाचं?” ओळखायची खूणही सोपी आहे. पोलादाला लोहचुंबक चिकटतो, शिशाला चिकटत नाही. जस्तालाही चिकटत नाही. पण जस्त कठीण असते. शिशावर मात्र सहज ओरखडा उठतो, आणि ते कागदावर घासले तर काळसर रेघ उमटते. शिसेच असले, तर काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, जुनी वजने डब्यात जमा करून भंगारवाल्याकडेच द्यायची, आणि ती मुलांच्या हाती पडू द्यायची नाहीत. जो पोरगा तुमचे चाक तोलतो, तोही कोणाचा तरी मुलगाच आहे.

चिकटवायचे कामही नीट व्हावे. आपल्याकडे धूळ फार, आणि रिमच्या आत ती वंगणाबरोबर घट्ट बसलेली असते. तिच्यावर चिकटवलेली पट्टी धुळीला चिकटते, रिमला नव्हे. आणि दोन दिवसांत घाटात कोठेतरी गळून पडते. म्हणून जागा आधी पुसावी, तेलकटपणा काढावा, कोरडी करावी, मग पट्टी अंगठ्याने काही क्षण दाबून धरावी. चिकटाला पुरता जोर यायला एक दिवस तरी लागतो. तोवर चाक धुऊ नये. जुनी पट्टी तशीच ठेवून तिच्यावर नवी चढवू नये. जुनी काढूनच नव्याने मोजावे. टायर नवा घातला, पंक्चरसाठी चाकावरून उतरवून पुन्हा चढवला, किंवा मोठ्या खड्ड्यात चाक आपटले, की तोल पुन्हा पाहावा. आणि हेही ध्यानात घ्या, की प्रत्येक थरथर तोलाचीच नसते. रिम वाकलेली असेल, बेअरिंग झिजलेले असेल, टायर फुगलेला असेल, तर वजने चिकटवून उपयोग नाही. ते रोग्याचे नाडीपरीक्षण न करता लेप लावण्यासारखे आहे. तोल गेलेल्या चाकाचा टायर जागोजाग झिजतो, सांधे ढिले होतात, आणि वेगात गाडी हाताबाहेर जाण्याचे भय राहते. देवळ्याच्या बाजूचा भावडबारीचा घाट उतरताना ते भय केवळ पुस्तकातले नसते.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग. खर्च काहीच नाही. एक सायकल उलटी, सीटवर उभी करा. पुढचे चाक मोकळे फिरते याची खात्री करून ते हळूच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. सर्वांत खाली आलेल्या जागेवर खडूची खूण करा. असे पाच-सहा वेळा करा. खूण पुन्हा पुन्हा खालीच येऊन थांबते, हे मुलांना दिसेल. बहुधा ती व्हॉल्वच्या बाजूला असेल. म्हणजे ती बाजू जड. आता खुणेच्या बरोबर समोर, वरच्या बाजूला, ओल्या मातीची लहान गोळी चिकटवा. थोडी वाढवा, थोडी कमी करा. चाक जेव्हा कोठेही थांबू लागेल, तेव्हा तोल साधला. मग ती माती काढून शाळेच्या तराजूत तोलायला मुलांना सांगा. त्यानंतर मागच्या चाकाच्या रिमला पन्नास ग्रॅम मातीची पुरचुंडी फडक्याने घट्ट बांधा, मुलांना बाजूला उभे करा आणि पॅडल आधी हळू व मग जोरात फिरवा. सायकल कशी नाचू लागते ते पाहा. वर्गाचा नियम फळ्यावर लिहिण्याआधी तो मुलांच्या हातांना कळू द्या.

श्रोते हो, दायमाबादच्या भरीव चाकापासून आपण निघालो. धाव पाहिली, रबर पाहिले, शिसे पाहिले, आणि पाच ग्रॅमच्या चिकटपट्टीपाशी येऊन थांबलो. आपल्या सुताराने गोलाई सांभाळली, लोहाराने सांधे आवळले. तेवढ्याने बैलांच्या चालीचे काम भागले. मोटारीच्या चालीला तेवढे पुरत नाही. तिला ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब लागतो. पुढच्या यात्रेला रथ पाहाल, तेव्हा त्याच्या चाकाकडे एकदा पाहा. आणि घरी परतताना आपल्या गाडीच्या चाकाकडेही. पट्टी जागेवर आहे ना, एवढे पाहायला क्षणभर पुरे.